वाळकेश्वरचा चढ

मागच्या महिन्यात लोअर परळच्या एका शोरूममधल्या मुलाला मी रडवायचंच काय ते बाकी ठेवलं. तो बिचारा टाय लावून, हातात टॅब घेऊन, "आंटी, आता टर्बोचाच जमाना आहे, पिकअप बघा ना काय भन्नाट आहे," असं सांगत होता आणि मी म्हणत होते, बाळा, पिकअप राहू दे, आधी इंजिन दाखव. त्याने बॉनेट उघडलं तर आत काळ्या प्लास्टिकचं झाकण. ते काढ म्हटलं, तर म्हणाला, काढायची आम्हाला परवानगी नाही. माझ्यासोबत आलेला भाचा तन्मय कपाळाला हात लावून बाजूच्या सोफ्यावर बसला होता. त्याच्या मते मी जुनाट, हेकट आणि थोडी वेडी आहे. यातल्या पहिल्या शब्दाला माझी हरकत आहे, बाकीचे दोन मी ठेवून घेते.

मला हवं होतं साधं, बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन. पिस्टन खाली गेला की जेवढी हवा आपोआप आत येते तेवढ्या हवेवर चालणारं, स्वतःच्या श्वासावर जगणारं. टर्बोत काय करतात, तर बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्री गरागरा फिरवतात आणि ती चक्री बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. ताकद वाढते, हे मी नाकारत नाही. परळच्या तंत्रशाळेत तीस वर्षं पोरांना मोटार मेकॅनिक शिकवलंय, एवढं मला कळतं. पण कोंबलेल्या घासाने माणूस किती दिवस धडधाकट राहतो ते आपण पाहतोच. साध्या इंजिनाच्या ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की ते लगेच उत्तर देतं, जेवढं मागाल तेवढंच देतं, आणि नीट तेलपाणी केलं तर मालक म्हातारा होतो पण ते होत नाही. हे माझं मत आहे आणि ते मी कुठल्या मासिकात वाचून बनवलेलं नाही. ते मी एका दसऱ्याला कमावलं. त्या दसऱ्याविषयी आमच्या नातेवाइकांत आजही अर्धवट माहिती आहे, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते.

लालबागला आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, जिन्यापासून तिसरी. उन्हाळ्यात खालच्या गल्लीत मिरच्या भाजायला घेतल्या की सगळी चाळ शिंकायची आणि मसाला कुटायच्या डंकाचा ठोका भिंतीतून घरात यायचा. पण आमच्या खोलीचा खरा आवाज म्हणजे ओरडणं. बाबा गिरणीत फिटर होते. इतकी वर्षं यंत्रांत घालवल्यामुळे त्यांचे कान अर्धे गेले होते, आणि त्यांना ऐकू यावं म्हणून आई, मी आणि माझा भाऊ, म्हणजे तन्मयचा बाप, असे आम्ही तिघं साधी मीठ मागायची गोष्टसुद्धा भांडल्यासारखी मागायचो. पाहुण्यांना वाटायचं, या घरात सारखी जुंपलेली असते. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी टॅक्सी घेतली, काळी-पिवळी, तिसऱ्या हातातली. लोक म्हणाले, बहिरा माणूस टॅक्सी काय चालवणार? बाबांनी चालवली. इंजिनाचा आवाज ते हाताने ऐकायचे. बॉनेट उघडून झाकणावर तळवा टेकवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "तिसरो टॅपेट ढिलो आसा." मी फीलर, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, लावून पाहायचे. तिसराच ढिला असायचा.

दर रविवारी सकाळी चाळीच्या तोंडाशी गाडी उघडून बसणं हा आमचा नेम होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात कॉमर्सला नावापुरती जात होते आणि माझा जीव खरा या रविवारात होता. बाबा मला माणसाचं अंग शिकवावं तसं इंजिन शिकवायचे. हवेच्या फिल्टरच्या गोल डब्यातून बाहेर आलेली नळी दाखवून म्हणायचे, "ह्या तेचा नाक. ही छाती. ह्या पोट. नाकातसून वारो गेलो नाय तर पोटात कितीय घाल, उपेग नाय." तेही अर्थात ओरडूनच. त्यामुळे हा धडा मला एकटीला कधीच मिळाला नाही, तो सगळ्या चाळीला मिळायचा. वर गॅलरीत तांदूळ निवडत बसलेल्या आईलाही मिळायचा. आई सावंतवाडीकडची, चौथी शिकलेली, आणि आमच्या नातेवाइकांची हक्काची करमणूक. टॅक्सी घरी आली त्या दिवशी तिने नारळ फोडायला म्हणून बंपर निवडला आणि तिथे खळगा पाडला. मोहनकाकांनी तो खळगा प्रत्येक पाहुण्याला दाखवला. आई पदर तोंडावर धरून हसण्यात सामील व्हायची. तिला त्याचं काय वाटतं, हे मी तोवर कधी विचारलं नव्हतं, याची मला आज लाज वाटते.

मोहनकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. काळाचौकीला त्यांचं गॅरेज होतं आणि त्या वर्षांत त्यांचा एकच धंदा तेजीत होता. टॅक्सीतलं पेट्रोल इंजिन उतरवायचं आणि त्या जागी कुठल्यातरी भंगारातल्या टेंपोचं डिझेल इंजिन बसवायचं. डिझेल स्वस्त, त्यामुळे अख्खं शहर त्यामागे लागलं होतं. त्यांना मी दोष देत नाही. पण त्या गाड्या नाक्यावर उभ्या राहिल्या की अंगात आल्यासारख्या थरथरायच्या, मागे बसलेल्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या वाजायच्या, आणि दुसऱ्याच्या पोटातलं इंजिन या गाडीच्या हाडांना कधीच मानवायचं नाही. काकांचं भावावर प्रेम होतं हेही खरं. बाबांसाठी त्यांनी एक चांगलं डिझेल इंजिन बाजूला काढून, ताडपत्री घालून ठेवलं होतं. गणपती झाले तसे ते घरी येऊन बसले.

"दादा, आता ह्या म्हाताऱ्याक सोड. येत्या आठवड्यात मी इंजिन उतरवतंय, तू फक्त गाडी धाड."

"पितरांचे दिवस चलतत," आई स्टोव्हजवळून म्हणाली. "ह्या दिवसांत काय एक नवा करूचा नाय."

"मग दसऱ्याक, वहिनी. साडेतीन मुहूर्तांतलो एक."

बाबांनी नाही म्हटलं. काकांनी जग कुठे चाललंय ते सांगितलं. बाबांनी पुन्हा नाही म्हटलं. तेव्हा काका चिडले आणि म्हणाले की तुझं इंजिन संपलंय, चार माणसं घेऊन ते वाळकेश्वरचा चढसुद्धा चढणार नाही. बाबांना हा शब्द पहिल्याच फेरीत स्वच्छ ऐकू गेला. त्यांनी मान वर केली आणि मग जे बोलणं झालं त्यातून पैज ठरली. दसऱ्याच्या सकाळी गाडीत ड्रायव्हर सोडून चार मोठी माणसं बसवायची, चौपाटीवरून वाळकेश्वरचा चढ न थांबता चढायचा. चढली तर डिझेलचं नाव काका पुन्हा काढणार नाहीत. वाटेत थांबली तर तिथूनच सरळ काळाचौकीला नेऊन इंजिन उतरवायचं. बाबांनी शब्द दिला.

"पण एक," काका म्हणाले. "तू चालवूचं नाय. तू तेका सांभाळून घेतंस. दुसऱ्यान चालवूक होयी."

"मी चालवते," मी म्हणाले.

खोलीत हसू फुटलं. माझ्याकडे लायसन आहे हे फक्त बाबांना माहीत होतं. शिवडीच्या गोदीकडच्या मोकळ्या रस्त्यांवर दोन वर्षं त्यांनीच मला शिकवलं होतं. मी ट्रंकेतून लायसन काढून काकांच्या मांडीवर ठेवलं. आई ते पाहायला उठून आली, फोटो निरखला आणि म्हणाली, "फोटोत तोंड कित्याक असा केलंस गो?" तिला एवढंच विचारायचं होतं. पुढे आयुष्यभर माझ्यापाशी किती दाखले, किती प्रमाणपत्रं आली, पण त्या संध्याकाळी काकांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते दुसऱ्या कुठल्या कागदाने मला मिळवून दिलं नाही.

नवरात्राचे पहिले आठ दिवस आम्ही ते इंजिन खालपासून वरपर्यंत खोलून नीट केलं. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, वॉल्व्ह घासून बसवले, कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुतला. बाबांचे नवरात्रात अनवाणी राहायचे नऊ दिवस असायचे, त्यामुळे ग्रीस सांडलं की ते पायालाच लागायचं आणि आई उंबऱ्यातच त्यांचे पाय राखेने घासायला लावायची. घरात कांदा-लसूण बंद होता. दुपारी आई वरणभात आणि दोडक्याची भाजी खाली आणून द्यायची आणि आम्ही फुटपाथवर बसून जेवायचो. जेवताना माझ्या हातांना वास पेट्रोलचा यायचा. आई म्हणायची, हिच्याशी लग्न कोण करतलो? बाबा म्हणायचे, काय? आई ओरडून पुन्हा विचारायची आणि अख्ख्या गल्लीला कळायचं की माझ्याशी लग्न करायला कोणी नाही. खंडेनवमीला पाने, स्क्रूड्रायव्हर, जॅक सगळं पाटावर मांडून पुजलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, म्हणून मी नुसती गाडीजवळ जाऊन उभी राहिले. मला भीती वाटत होती हे सरळ सांगते. इंजिनाची नाही, माझ्या स्वतःच्या डाव्या पायाची. चढावर क्लच सोडताना तो पाय थरथरला तर सगळं संपणार होतं.

दसऱ्याला मी आंघोळ करून खाली आले तेव्हा आईची पूजा झाली होती. बॉनेट उघडं होतं, इंजिनाच्या झाकणावर पाच बोटं कुंकवाची, रेडिएटरला झेंडूची माळ, बॅटरीवर अक्षता. माळ आणि मोकळी फुलं मी काढून पुढच्या काचेपाशी ठेवली, अक्षता फुंकल्या आणि बॉनेट लावलं. माझ्यापाशी टॅक्सीचा बिल्ला नव्हता, म्हणून बाबांनी मीटरवर कापडी टोपी चढवली, म्हणजे गाडी भाड्याला नाही. काका आले ते गॅरेजमधले दोन मेकॅनिक घेऊन, तेही निवडून आणल्यासारखे जाडजूड. एक माझ्या शेजारी बसला, बाबा, काका आणि दुसरा मेकॅनिक मागे.

भायखळ्याच्या पुलावर इंजिन एकदा खोकल्यासारखं झालं. माझाच गियर चुकला असं मला वाटलं आणि मी गप्प राहिले. पुढे सपाटीवर ते मजेत चाललं. गिरगावात दारांना तोरणं लागत होती, रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्यांचा सडा पडला होता. चौपाटी मागे टाकून मी चढाला लागले, दुसरा गियर घातला आणि पाय पूर्ण दाबला. आणि ते घुसमटलं. काय झालं ते आज मी फळ्यावर काढून दाखवू शकते, तेव्हा एवढंच कळलं की मी मागत्येय आणि ते देत नाही. मागून काळा धूर निघाला. गाडी पाच-पंचवीस फूट ओढत गेली, दोन गचके दिले आणि चढावरच बंद पडली. मी हँडब्रेक ओढला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट केला.

"संपला," काका म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, पण समाधान होतं.

बाकीचे उतरले. काका आणि मेकॅनिक कठड्याला टेकून समुद्राकडे बघत उभे राहिले. बाबा गाडीतच बसून राहिले. मी बॉनेट उघडलं आणि कशावर तरी हात चालवायचा म्हणून फिल्टरच्या नळीत बोटं घातली. आत मऊ, ओलं काहीतरी लागलं. ओढून काढलं तर झेंडूचं अख्खं फूल. देठासकट नळीच्या गळ्यात जाऊन बसलेलं. हळू चालताना बाजूने जायची तेवढी हवा पुरत होती, पाय दाबल्यावर पुरली नाही.

मला एका क्षणात सगळं समजलं. नाक, छाती, पोट. इतकी वर्षं गॅलरीतून ऐकलेला धडा. आईने देवाचं फूल वर ठेवलं नव्हतं, ते पडू नये म्हणून नाकात आतवर नेऊन बसवलं होतं, जिथून श्वास जातो तिथे. मी फूल वर धरून ओरडायला हवं होतं की इंजिनात काही दोष नाही. तोंड उघडलंही. पण मला दिसलं की बंपरचा खळगा विसरून आता या फुलाची गोष्ट निघेल. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला काका ते सांगतील आणि आई पदर तोंडावर धरून हसेल. मी मूठ मिटली.

"काय होता गो?" काकांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

मग किल्ली फिरवल्यावर इंजिन लगेच सुरू झालं आणि उरलेला चढ पाचही जणांना घेऊन सरळ चढून गेलं. मेकॅनिकसुद्धा चमकले. पण थांबली ती थांबली. बाबा म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द. काळाचौकीक घे." गिरगावातून परत गाडी मीच चालवली. माझ्या मुठीत फूल तसंच होतं, स्टिअरिंग मी त्याच मुठीने धरलं होतं.

तन्मयला ही गोष्ट अर्धी माहीत आहे. तो म्हणतो, आत्या, म्हणजे तुझं आवडतं इंजिन एका फुलाने मेलं, आणि तू त्याला भरवशाचं म्हणतेस? हो, म्हणते. फूल काढल्यावर ते दुसऱ्या सेकंदाला उठून कामाला लागलं, मेकॅनिक बोलवावा लागला नाही, कॉम्प्युटर जोडावा लागला नाही. त्याला काय होतंय हे एकोणीस वर्षांच्या पोरीच्या दोन बोटांना समजलं. भरवसा म्हणजे कधीच न थांबणं असं ज्याला वाटतं त्याने माणसंही फार पाहिलेली नाहीत. तो यावर हसतो. हसू दे.

गॅरेजमध्ये सगळी तयारी होती. वर तुळईला इंजिन उचलायची चेनकप्पी टांगलेली, खाली ताडपत्री काढून ते डिझेल इंजिन ठेवलेलं, त्यालाही हार. काका कामाला पक्के, त्यांनी वेळ घालवला नाही. बाबा म्हणाले, "घराक जा, आवशीक सांग जेवूक उशीर होतलो." मी चालत लालबागला आले. खोलीत वड्यांचा वास भरला होता. दसऱ्याला आमच्याकडे वडे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं ठरलेलं. आई कढईपाशी बसली होती, वडा टम्म फुगून वर आला होता. मी निरोप सांगितला. गाडी थांबली, एवढंच म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. चुरगळलेलं फूल अजून मुठीतच होतं, तळवा पिवळा झाला होता.

"ता फूल खंय गावला तुका?"

मी तिच्याशी खोटं बोलू शकले असते. तिच्या डोळ्यांकडे बघून जमलं नाही. सांगितलं. तिने वडा झाऱ्याने काढून ताटलीत ठेवला, स्टोव्ह बंद केला, हात धुतले, नाकातली नथ नीट केली आणि म्हणाली, "चल."

"कुठे?"

"खंय म्हणजे? गॅरेजात."

आई त्या गॅरेजात कधी गेली नव्हती. भर दुपारी, दसऱ्याचं हिरवं लुगडं नेसून ती माझ्यापुढे अशी चालली की मला पळावं लागलं. आम्ही पोचलो तेव्हा गाडीचं बॉनेट काढून भिंतीला टेकवलं होतं, बॅटरीची वायर सोडली होती आणि दोघांतला एक मेकॅनिक रेडिएटरचं पाणी काढायला खाली घमेलं सरकवत होता. आई सरळ गाडी आणि घमेलं यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली.

"इंजिन थांबला ता माझ्यामुळे," ती म्हणाली. तिचा आवाज घरातलाच, बाबांसाठीचा, त्यामुळे अख्ख्या गॅरेजला ऐकू गेला. "तेच्या नाकात फूल मी घातलंय."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग कळलं आणि मेकॅनिक हसत सुटले. काकांना तर डोळे पुसावे लागले. मी आईकडे पाहत होते. तिने पदर तोंडाकडे नेला नाही. हात खाली ठेवून, हसणं संपायची वाट पाहत उभी राहिली. ते संपायला वेळ लागला, पण ती हलली नाही, आणि हळूहळू एकेकाचं हसू आपोआप थांबलं.

"हसान झाला? आता माझा आयका. चूक माझी. मगे शिक्षा तेका कित्याक?"

"वहिनी, दादान शब्द दिलेलो," काका म्हणाले.

"माका कोण इचारूक इल्लो? शब्द देताना मी थंयच चुलीकडे बसलेलंय. एकान तरी माझ्याकडे बघितल्यान?"

"काय म्हणता ती?" बाबांनी काकांना विचारलं. ऐकू आलं नसेल असं मला वाटत नाही. पण काकांना ते सगळं, शब्दन् शब्द, ओरडून बाबांना सांगावं लागलं. चूक माझी, शिक्षा तेका कित्याक. काकांच्या तोंडून ते गॅरेजभर घुमलं. दिलेला शब्द मागे घ्यायचं बाबांच्या अंगात नव्हतं, आणि मी त्याबद्दल त्यांना कधी कमी लेखलं नाही. ते उठले, दहाचा पाना घेतला आणि बॅटरीची वायर पुन्हा जागेवर आवळली. मग पाना खाली ठेवून पाठ फिरवून उभे राहिले.

आई पुढच्या सीटवर जाऊन बसली. "बस गो," मला म्हणाली.

"आई, बॉनेट नाहीये."

"माका दिसता. बस."

मी गाडी बाहेर काढली. काका मागून ओरडत होते, काय ते मला ऐकू आलं नाही आणि ऐकायचंही नव्हतं. दसऱ्याच्या दुपारी, रस्त्यावर सगळे नवे कपडे घालून फिरत असताना, भायखळ्याच्या पुलावरून आम्ही बॉनेट नसलेली टॅक्सी घेऊन गेलो. इंजिन उघडं, त्यावर कुंकवाची पाच बोटं, फिरणारा पंखा, सगळं जगाला दिसत होतं. लोक थांबून बघत होते. एका पोराने बोट दाखवून सगळ्या नाक्याला हाक मारली. गिरगावात एका गृहस्थाने सवयीने हात केला आणि मग गाडी नीट पाहून खाली घेतला. आई ताठ बसली होती आणि काचेतून इंजिनाकडे एकटक बघत होती. इतक्या वर्षांत तिने ते चालताना कधी पाहिलंच नव्हतं, बघितलं ते बंद असताना, हळदीकुंकू वाहायला.

चढ आला. पाच जणांचं वजन आता नव्हतं, दोघींचंच होतं, हे मी लपवत नाही. कुणाला काही सिद्ध करून दाखवायचा प्रश्नच उरला नव्हता. मी दुसरा गियर घातला, पाय दाबला, आणि त्याने एक लांब श्वास घेतला. नळीतून हवा आत जाताना जो घोगरा, भरलेला आवाज येतो तो बॉनेट नसल्यामुळे सरळ आमच्या तोंडावर आला. तो आवाज मी त्यानंतर हजारो इंजिनांत ऐकला, अजूनही ऐकला की माझे डोळे भरतात आणि मी कोणाला कारण सांगत बसत नाही. गाडी वळण घेऊन चढून गेली, कुठे अडखळली नाही. वर पोचल्यावर मी बाजूला घेऊ का विचारलं, तर आई म्हणाली, "नको, चलत ऱ्हव." आम्ही मलबार हिलला वळसा घातला, खाली उतरलो, आणि तिने सांगितलं म्हणून तोच चढ पुन्हा चढलो. त्या दिवशी तीनदा.

घरी परतलो तेव्हा बाबा आणि काका आमच्या खोलीत बसले होते. काका बॉनेट हातगाडीवर टाकून घेऊन आले होते, ते गाडीवर परत बसवायला खाली जिन्याशी उभं होतं. आईने स्टोव्ह पेटवला, कढई चढवली आणि थंड झालेलं तेल तापेपर्यंत पानं मांडली. काकांना धीर धरवेना.

"चढली काय, वहिनी?"

आईने वडा तेलात सोडला. तो फुगून वर येईपर्यंत ती थांबली, मग झाऱ्याने काढून काकांच्या पानात वाढला.

"तुमका कित्याक सांगू, भावजी?" ती म्हणाली. "शब्द तुमच्या दोघांचो होतो. चढ आमच्या दोघींचो. जेवा."